हिप बोन उजवं की डावं? आधी स्वतःच्या कमरेवर हात ठेव

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहेस, व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) हिप बोन, म्हणजे कमरेचं हाड, हातात दिलं आणि ते उजवं की डावं इथेच तुझी गाडी अडली, असं लिहिलं आहेस. अगं, माझ्या पहिल्या व्हायव्हात मी ते चक्क उलटं धरलं होतं, पंखा खाली आणि भोक वर! नंतर काही वर्षं मुलांना हेच हाड शिकवायची वेळ आली, तेव्हा कळलं की पाठांतर कमी पडत नाही. हे हाड आपल्यात कुठे बसलंय, तेच कुणी हात लावून बघत नाही.

म्हणून आधी विठोबासारखे दोन्ही हात कमरेवर ठेव. हात टेकतात ती इलियमची, म्हणजे हाडाच्या वरच्या पसरट भागाची, वरची कड, इलियॅक क्रेस्ट. मूल कडेवर बसतं तेही हिच्याच आधाराने. दोन्ही कडांचे सर्वांत उंच बिंदू जोडले की रेघ साधारण चौथ्या लंबर (कमरेच्या) मणक्यावरून जाते. पाठीतून पाणी काढताना डॉक्टर हीच खूण धरतात. आता बोटं कडेवरून पुढे सरकव. जिथे कड संपून टोक लागतं, ते एएसआयएस (अँटिरिअर सुपिरिअर इलियॅक स्पाइन). खाली मध्यभागी, जांघेच्या आतल्या टोकाला, प्युबिसचा, म्हणजे हाडाच्या पुढच्या भागाचा, छोटा उंचवटा, प्युबिक ट्युबरकल. आणि पाटावर मांडी घालून बसल्यावर जे टोचतं ते इस्कियल ट्युबरॉसिटी, म्हणजे इस्कियमचा, हाडाच्या खालच्या-मागच्या भागाचा, उंचवटा. उभं राहिल्यावर ते सापडत नाही, कारण ग्लुटियस मॅक्सिमस हा नितंबाचा मोठा स्नायू त्याच्यावर येतो. बसलं की तो वर सरकतो.

आता सुटं हाड घे. पसरट पंखा वर, मोठं भोक खाली, वाटी, म्हणजे मांडीच्या हाडाचं डोकं बसतं तो खळगा, बाहेरच्या अंगाला. एवढ्यावर पुढचं-मागचं ठरत नाही, आणि मुलं फसतात ती इथेच. मागच्या कडेला मोठी खाच, म्हणजे ग्रेटर सायॅटिक नॉच, शोध. सायॅटिक नर्व्ह, पायात जाणारी जाड नस, तिथूनच बाहेर पडते. खाच तुझ्याकडे आणि प्युबिस तुझ्यापासून लांब धरलंस, की वाटी ज्या बाजूला तोंड करेल त्या बाजूचं हाड.

राहिला कल. हाड घेऊन भिंतीपाशी जा आणि त्याचे एएसआयएस व प्युबिक ट्युबरकल दोन्ही एकाच वेळी भिंतीला टेकव. शरीरात हाड असंच असतं. पेल्व्हिस (कमरेचा हाडांचा सांगाडा) म्हणजे टेबलावर सपाट ठेवलेलं घमेलं, अशी समजूत असते, ती ही एक कृती केली की जाते. घमेलं बरंच पुढे कललेलं आहे. परीक्षकासमोर असं धरलंस की निम्मी लढाई जिंकलीस.

वाटीबद्दल थोडं जास्त, कारण खरी गंमत तिथे आहे. इलियम, इस्कियम, प्युबिस ही लहानपणी तीन वेगळी हाडं असतात आणि वाटीतच वाय आकाराच्या कूर्चेने जोडलेली असतात. वयाच्या 14 ते 16च्या सुमारास ती कूर्चा हाडात बदलते. म्हणून लहान मुलाच्या एक्सरेत तिथे फट दिसली की फ्रॅक्चर म्हणून घाबरायचं नाही. वाटीत इलियम आणि इस्कियमचा वाटा प्रत्येकी सुमारे दोन पंचमांश, उरलेला प्युबिसचा. आतलं गुळगुळीत अस्तरसुद्धा पूर्ण गोल नाही, घोड्याच्या नालेसारखं आहे. त्याची रुंद बाजू वर, जिथे वजन येतं, आणि उघडी बाजू खाली. म्हणजे वाटीच्या कडेतली खाच खाली आली, तर हाड नीट धरलंय.

जाता जाता, तू आजीचा ‘खुबा मोडला’ तो याच हाडाचा का, असंही विचारलंस. बहुतेक नाही. म्हातारपणी पडल्यावर मोडते ती सहसा मांडीच्या हाडाची मान किंवा तिच्या खालचा भाग. मांडीच्या वर बाहेरून जो उंचवटा हाताला लागतो, तोही फीमरचाच, म्हणजे मांडीच्या हाडाचाच, ग्रेटर ट्रोकँटर. हिप बोनचा समजून त्यावर बोट ठेवलंस तर पुन्हा व्हायव्हात अडकशील.