भुलीचा गॅस जातो कुठे?

प्रश्न : डॉक्टर साहेब, मागच्या महिन्यात आमच्या मंडळींचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन जळगावला झालं, दुर्बिणीतून. भूल देणाऱ्या मॅडम बोलता बोलता म्हणाल्या की भुलीचा गॅस बराचसा बाहेर हवेत जातो आणि हवा तापवतो. आमची रावेरला केळी आहे, मे महिन्यात पारा 45 पर्यंत जातो, कडेने नेट लावूनही बाग करपते म्हणून विचारतो, खरं आहे का हे? आणि भूल कमी दिली तर पेशंटला दुखणार नाही का?
— केळी उत्पादक, रावेर

उत्तर : भाऊ, मॅडम खरं बोलल्या. पण भीतीचं आधी सांगतो, भूल कमी करायची नाहीये, वाया जाणारा गॅस कमी करायचाय. सेव्होफ्लुरेन (सेव्हो) या भुलीच्या औषधाचे 100 मधले जेमतेम 5 भाग अंगात मोडतात, बाकीचा श्वासावाटे जसाच्या तसा परत येतो. मशिनमध्ये तो श्वास सोडालाइमच्या खड्यांमधून फिरतो, खडे कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात आणि तोच गॅस पुन्हा पेशंटला मिळतो. पण वरून ताज्या गॅसचा फ्लो मिनिटाला 6 लिटर चालू ठेवला तर सगळं सर्किटमध्ये मावत नाही, मग उरलेलं पाइपातून थेट बाहेर.

हिशोब सोपा आहे : मिनिटाचा फ्लो (लिटरमध्ये) गुणिले औषधाचे टक्के गुणिले 3, एवढं मिली औषध तासाला लागतं. 2 टक्के सेव्हो 6 लिटरवर चालवलं तर तासाला 36 मिली, 1 लिटरवर फक्त 6 मिली. म्हणजे 250 मिलीची बाटली एकीकडे 7 तासांत संपते अन दुसरीकडे 40 तास पुरते, पेशंट तेवढाच गाढ झोपलेला. सुरुवातीची काही मिनिटं फ्लो जास्त लागतोच, आणि ऑक्सिजन व गॅसचे टक्के दाखवणारा मॉनिटर नसेल तर फ्लो एवढा खाली मी स्वतः नेत नाही, तिथे पेशंटचा जीव आधी.

गॅसागॅसातही फरक आहे, डेसफ्लुरेन हा भुलीचाच दुसरा गॅस. 1 किलो डेसफ्लुरेन 100 वर्षांत सुमारे 2500 किलो कार्बन डायऑक्साइडएवढी हवा तापवतो, सेव्हो त्याच्या कितीतरी खाली. स्कॉटलंडने 2023 मध्ये डेसफ्लुरेन बंद केलं, युरोपियन युनियनमध्ये 1 जानेवारी 2026 पासून वैद्यकीय गरज असेल तरच वापरता येतं. एका ऑपरेशनने रावेरचा पारा चढत नाही भाऊ, दीपनगरच्या वीजकेंद्रात जळणाऱ्या कोळशापुढे आमचा वाटा लहानच, पण हा नॉब माझ्या हातात आहे म्हणून मला तो तसाच सोडवत नाही.

प्रश्न : सर, मी धुळ्याला ऑपरेशन थिएटरची (ओटी) सिस्टर आहे. आमच्याकडे आता नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा गॅस क्वचितच लावतात तरी पाइपलाइनचे निळे सिलेंडर बदलावे लागतात. काटा तर रोज भरलेला दाखवतो, मग गॅस जातो कुठे?
— एक सिस्टर

उत्तर : सिस्टर, तुमची शंका एकदम बरोबर आहे. काट्यावर विश्वास ठेवू नका. नायट्रस सिलेंडरमध्ये द्रवरूप असतो, तळाला द्रव आहे तोवर प्रेशर तेवढंच दिसतं आणि संपत आला की एकदम पडतं, त्यामुळे सिलेंडर वजनकाट्यावर ठेवा. शेवटच्या केसनंतर वजन लिहा, सकाळी पहिल्या केसआधी परत लिहा. रात्रीत कमी झालं तर लीक आहे, मॅनिफोल्डचे (सिलेंडर पाइपलाइनला जोडतात ती जागा) जॉइंट, भिंतीवरचे आउटलेट, बॉईल मशिनच्या (भूल देण्याच्या मशिनच्या) नळ्या, सगळं तपासून घ्या. एडिनबर्गच्या हॉस्पिटलांत मोजलं तेव्हा विकत घेतलेल्या नायट्रसमधला बहुतेक गॅस पेशंटपर्यंत पोचतच नव्हता. हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापवणारा आहे, हवेत 100 वर्षांहून जास्त टिकतो, वर ओझोनचा थरही खातो आणि लीक ओटीत असेल तर दिवसभर तुम्हीच तो हुंगताय.

इतका कमी लागत असेल तर भूलतज्ज्ञांशी बोलून पाइपलाइन बंदच करा, मशिनला एक छोटा सिलेंडर पुरतो, तोही केस संपली की चावीने बंद. वजनाची वही मात्र आजपासूनच सुरू करा, मॅनेजमेंटसमोर तीच कामाला येईल.