डिजिटल तंत्रज्ञानामुळे पत्रकारितेवरचा विश्वास उडाला का, आणि त्यातून पत्रकारिता कशी बदलते आहे?

तुम्ही प्रश्नाखाली एक ओळ जोडली आहे: ‘पूर्वी पेपरात छापून आलं म्हणजे ते खरंच असायचं, मोबाइल आल्यापासून कुणावरच भरवसा राहिला नाही.’ माझं भांडण या ओळीच्या पहिल्या अर्ध्या भागाशी आहे. उत्तर जरा लांबेल.

मी बरीच वर्षं उपसंपादक म्हणून रात्रपाळी केली. एका रात्री पुराची बातमी होती. शेवटची आवृत्ती सोडायला वीस मिनिटं उरलेली, पान एकवर फोटोची जागा रिकामी आणि आमचा फोटोग्राफर पाण्यामुळे वाटेत अडकलेला. तेवढ्यात एका वार्ताहराने फोटो पाठवला. छातीएवढ्या पाण्यातून चाललेला माणूस, खांद्यावर वासरू, वासराचे डोळे सरळ कॅमेऱ्याकडे. फोटो इतका चांगला होता की तो काढला कुणी, हे कुणी विचारलंच नाही. मीही नाही. चार कॉलम लावला आणि पान सोडलं.

सकाळी दहाच्या आत एका वाचकाची मेल आली. हाच फोटो, पण दुसऱ्याच देशातला आणि काही वर्षांपूर्वीचा. त्याने फार काही केलं नव्हतं, फोटो सर्च इंजिनमध्ये टाकून पाहिला होता. आम्ही काय केलं? छापील पेपरात आतल्या पानावर, तळाला, चार ओळींची दिलगिरी. वेबसाइटवरून फोटो गुपचूप काढला आणि दुसरा लावला. त्यावर त्याच माणसाची दुसरी मेल आली, एका ओळीची: ‘फोटो काढलात ते बरं केलंत, पण काढला असं का नाही लिहिलंत?’

इतका नेमका प्रश्न मला कुठल्या संपादकानेही विचारलेला नाही. विश्वासाबद्दल मला जे म्हणायचंय ते सगळं त्यात आहे.

चुका आम्ही आधीही करायचो, थापाही छापल्या जायच्या. १८३५ साली न्यूयॉर्कच्या ‘सन’ या पेपरने सहा भागांची लेखमाला छापली. जॉन हर्शेल या खऱ्याखुऱ्या खगोलशास्त्रज्ञाचं नाव वापरून चंद्रावर वटवाघळासारखे पंख असलेली माणसं दिसल्याचं सांगितलं. लोकांनी अंक हातोहात उचलले. तेव्हा वाचकाकडे तपासून पाहायला दुर्बीण नव्हती, आज प्रत्येकाच्या खिशात काही ना काही साधन आहे, फरक एवढाच. ज्याला आपण ‘पूर्वीचा विश्वास’ म्हणतो त्यातला बराचसा नाइलाज होता. दुसरीकडे विचारणार कुणाला?

आकडेही हेच सुचवतात. अमेरिकेत गॅलप ही संस्था वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारते: वर्तमानपत्रं, टीव्ही आणि रेडिओ बातम्या पूर्ण, अचूक आणि निःपक्षपातीपणे देतात यावर तुमचा किती विश्वास आहे? १९७६ मध्ये बऱ्यापैकी किंवा पुष्कळ विश्वास असल्याचं ७२ टक्के लोकांनी सांगितलं होतं. २००४ मध्ये ते ४४ टक्के होते, आणि आयफोन आला २००७ साली. म्हणजे आजच्यासारखे स्मार्टफोन खिशाखिशात यायच्या आधीच घसरगुंडी सुरू झाली होती. २०२४ मध्ये आकडा ३१ वर आला. रॉयटर्स इन्स्टिट्यूट या पत्रकारितेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने त्याच वर्षी ४७ देशांत विचारलं, तर एकूण ४० टक्के लोक म्हणाले की बहुतेक बातम्यांवर आमचा बहुतेक वेळा विश्वास असतो. पण फिनलंडमध्ये हे प्रमाण ६९ टक्के होतं, ग्रीस आणि हंगेरीत २३. फोन तेच, अ‍ॅप तीच. तेव्हा सगळं खापर यंत्रावर फोडता येत नाही.

मग तंत्रज्ञानाने केलं काय? सगळ्यात आधी पैशाची वाट बदलली. बाहेरच्या लोकांना वाटतं पेपर बातम्यांवर चालायचा. तो चालायचा छोट्या जाहिरातींवर: घर भाड्याने देणे आहे, नोकर पाहिजे, जुनी गाडी विकणे आहे. त्या कंटाळवाण्या पानांच्या जिवावर एक बातमीदार दिवसभर कोर्टात बसू शकायचा आणि रिकाम्या हातानेही परत येऊ शकायचा. १९९५ मध्ये सुरू झालेल्या क्रेग्सलिस्टसारख्या साइट्सनी या जाहिराती जवळजवळ फुकट करून टाकल्या, उरलेल्या गूगल आणि फेसबुकने नेल्या. अमेरिकी वर्तमानपत्रांचं जाहिरातींचं उत्पन्न २००५ मध्ये साधारण ४९ अब्ज डॉलर होतं, २०२० मध्ये दहा अब्जांच्याही खाली गेलं. त्याच वर्षी तिथे पहिल्यांदा वाचकांकडून आलेला पैसा जाहिरातींपेक्षा जास्त भरला. कोर्टात बसणारा बातमीदार गेला की बातमी चुकत नाही, ती होतच नाही, आणि न झालेल्या बातमीबद्दल कुणी तक्रार करत नाही. एका अमेरिकी अभ्यासात तर असं निघालं की गावचा पेपर बंद पडला की तिथल्या स्थानिक प्रशासनाला कर्ज महाग पडू लागतं. लक्ष ठेवणारं कुणी नाही हे कर्ज देणाऱ्यालाही कळतं.

मधल्या काळात आम्ही क्लिकच्या मागे धावलो. त्यावर जास्त लिहायची इच्छा नाही. ‘पुढे जे घडलं ते पाहून तुम्ही थक्क व्हाल’ छापाचे मथळे मीही दिलेत आणि ते वाचले गेल्याचा आनंदही मानलाय. २०१६ मध्ये फेसबुकने कबूल केलं की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिले जातात याचा आकडा आपण फुगवून दाखवत होतो. तोवर लिहिणाऱ्यांना घरी पाठवून व्हिडिओवाले भरायची लाट अनेक न्यूजरूममध्ये येऊन गेली होती. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ट्विटरवरच्या सुमारे सव्वा लाख प्रकरणांचा अभ्यास आला. खोटी बातमी रीट्वीट होण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त, आणि दीड हजार लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला सहापट वेळ. गंमत म्हणजे याचा दोष बॉटना, म्हणजे आपोआप चालणाऱ्या खात्यांना, देता आला नाही. पसरवणारी माणसंच होती.

आता दुसरी बाजू. तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही, म्हणून मी तिथे जरा रेंगाळणार आहे.

जुलै २०१८ मध्ये एक व्हिडिओ फिरू लागला. सैनिकी वेशातली माणसं दोन बायका आणि दोन लहान मुलांना धुळीच्या वाटेवरून नेतात आणि गोळ्या घालतात. कॅमेरून या आफ्रिकी देशाच्या सरकारने ‘फेक न्यूज’ म्हणून झटकलं. व्हिडिओत ना गावाचं नाव, ना तारीख. बीबीसीच्या ‘आफ्रिका आय’ या टीमने काय केलं, तर सुरुवातीच्या काही सेकंदांत मागे दिसणारी डोंगराची कड घेतली आणि उपग्रहाच्या नकाशावरून तशीच कड शोधत बसले. एका माहितगाराने सांगितलेल्या जागेजवळ, कॅमेरूनच्या उत्तरेला, ती जुळली. मग घरं आणि झाडं जुळवली. व्हिडिओतली एक इमारत जुन्या उपग्रहचित्रांत कधी दिसते आणि कधी गायब होते ते पाहिलं, वर्षांची चौकट मिळाली. पायवाट फक्त कोरड्या महिन्यांत उमटते, त्यावरून महिने मिळाले. शेवटी चालणाऱ्या सैनिकांच्या सावल्या. सावलीची दिशा आणि लांबी यांवरून सूर्य आकाशात कुठे होता ते काढलं आणि घटना २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ या दरम्यानची ठरली. बीबीसीने निष्कर्ष सांगितलाच, पण यातली एकेक पायरीही चित्रांसह ट्विटरवर मांडली. शंका असेल त्याने नकाशा उघडून डोंगर जुळवून पाहावा. पुढे २०२० मध्ये चार सैनिकांना प्रत्येकी दहा वर्षांची शिक्षा झाली.

हे काम माझ्या रात्रपाळीच्या दिवसांत शक्यच नव्हतं. आणि इथे विश्वासाची जातच बदलली आहे. आम्ही म्हणायचो, ‘आम्ही सांगतोय ना?’ हे लोक म्हणतात, ‘आम्हाला कसं कळलं ते बघा.’ ‘सूत्रांकडून समजते’ हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात सोयीचं वाक्य. ते अजूनही लागतं, कारण काही माणसांची नावं छापली तर त्यांचा जीव जाईल. पण जिथे कागद दाखवता येतो, नकाशा दाखवता येतो, तिथे सूत्रांआड लपलं की वाचकाला आता वास येतो.

‘डेर श्पीगल’चं प्रकरण तर प्रत्येक डेस्कवर चिकटवून ठेवावं असं आहे. या जर्मन साप्ताहिकाचा पडताळणी विभाग जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. तरीही क्लास रेलोटियस हा त्यांचा बक्षिसांवर बक्षिसं मिळवणारा बातमीदार वर्षानुवर्षं माणसं आणि प्रसंग रचून लिहीत राहिला. त्याला पकडलं हुआन मोरेनो या सहकाऱ्याने, तेही वरिष्ठ ऐकत नसताना स्वतःच्या पैशाने खातरजमा करून. पण मला जास्त भावतो तो अमेरिकेतल्या फर्गस फॉल्स या छोट्या गावाचा भाग. रेलोटियसने गावाच्या वेशीवर मेक्सिकन लोकांना मज्जाव करणारी पाटी असल्याचं ठोकून दिलं होतं. जर्मन साप्ताहिकातलं जर्मन लिखाण, गावात कोण वाचणार? पण गावानेच ते वाचलं. तिथल्या दोघा रहिवाशांनी वर्षभराहून जास्त काळ एकेक वाक्य तपासलं आणि खोट्यांची यादीच नेटवर टाकली. बातमीतली माणसं आता बातमी वाचतात आणि उलटून बोलतात. आमच्यावर इंटरनेटचा हा सगळ्यात मोठा परिणाम आहे, असं माझं मत.

डिसेंबर २०१८ मध्ये ‘श्पीगल’ने ही लबाडी स्वतःच, सविस्तर छापली. माझ्या पेपरच्या चार ओळी आठवून मला तेव्हा लाज वाटली होती.

एआयबद्दलही बोलायला हवं. लिहिण्याच्या कामात ते घुसलंच आहे. सीनेट (CNET) या तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या साइटने यंत्राकडून लिहून घेतलेल्या ७७ लेखांपैकी ४१ लेखांत २०२३ मध्ये दुरुस्त्या कराव्या लागल्या. एका लेखात म्हटलं होतं, दहा हजार डॉलर तीन टक्क्यांनी ठेवा, वर्षाअखेर दहा हजार तीनशे डॉलर ‘कमवाल’. कमाई तीनशेच. अशी चूक नवखा उपसंपादकही पकडतो, पण त्याने कॉपी वाचली तर! मला मात्र खोटं छापून येण्यापेक्षा उलट्या गोष्टीची भीती जास्त वाटते. खोटे व्हिडिओ बनतात हे सगळ्यांना माहीत झालं की खरा व्हिडिओ समोर आल्यावरही गुन्हेगार हात झटकून म्हणणार, ‘एआय आहे.’ कॅमेरूनच्या वेळी यासाठी एआयचीही गरज पडली नव्हती.

विश्वासावर थेट पैसे मिळतात का? मिळतात, आणि जातातही. नेदरलँड्समध्ये ‘डी कोरेस्पाँडंट’ या पत्रकारितेच्या साइटसाठी २०१३ मध्ये हजारो लोकांनी आठ दिवसांत दहा लाख युरो भरले, एकही बातमी छापायच्या आधी. पुढे इंग्रजी आवृत्तीसाठीही सभासदांनी पैसे दिले. पण अमेरिकेत न्यूजरूम असेल असं अनेकांना वाटत होतं, ती होणार नाही म्हटल्यावर लोक बिथरले, संस्थेला माफी मागावी लागली, आणि २०२० च्या अखेरीस ती आवृत्ती बंद पडली. बंद पडायला इतरही कारणं होती, पण जे लोक बातमीसाठी नव्हे तर शब्दासाठी पैसे देतात ते शब्द मोजून घेतात.

यातली एक अडचण मला सुटलेली नाही. वर्गणीच्या भिंतीआड चांगली बातमी आणि भिंतीबाहेर फुकट थाप, अशी वाटणी होत चालली आहे. ‘गार्डियन’सारखे काही जण भिंत न घालता वाचकांकडे मदत मागतात, पण त्यांच्यामागे आर्थिक आधार देणारा १९३६ पासूनचा ट्रस्ट आहे. प्रत्येकाला ते कुठून जमणार? शिवाय पायऱ्या दाखवल्या म्हणून सगळे मानतात असंही नाही. ज्याला मानायचंच नाही तो डोंगराची कड जुळवायला बसत नाही. मी अशा वाचकासाठी लिहीत नाही. मी त्या मेलवाल्या माणसासाठी लिहितो, ज्याने दोन मिनिटं खर्च करून तपासलं आणि मग पुन्हा येऊन पाहिलं की आम्ही काय केलं.

आता मी जिथे काम करतो तिथे बातमी बदलली की खाली लिहितो: काय बदललं, किती वाजता आणि का. सुरुवातीला मार्केटिंगवाले कुरकुरले, ‘आपल्याच चुकांची जाहिरात कशाला?’ आता कुरकुरत नाहीत, निदान माझ्यासमोर तरी.

आणि तो वासराचा फोटो अजून जिवंत आहे. कुठे ना कुठे पूर आला की परत येतो. मागच्या वेळी तो मला माझ्या सख्ख्या भावाने पाठवला, आमच्या त्या पानाचाच कापलेला तुकडा, पेपरचं नाव आणि तारीख नेमकी छाटलेली. खाली लिहिलं होतं, ‘हे बघ, आजचं. तुमच्या पेपरवाल्यांना कधी दिसणार?’