मॉरिशसला समुद्र सोडून बघण्यासारखं काय आहे?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की जुलैमध्ये आईवडिलांना घेऊन सहा दिवस जाताय, आणि ऑफिसमधलं कोणीतरी म्हणालं, "मॉरिशस म्हणजे महागडं गोवा." हेच वाक्य आमच्या मोठ्या दिरांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की दुसऱ्या कोणी म्हटलं तरी मला त्यांचाच आवाज ऐकू येतो. म्हणून लिहायला बसले.

माझ्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं मॉरिशसमधल्या कॅत्र बोर्न गावी राहत होतो. भाऊजी आणि जाऊबाई गणपतीच्या सुमाराला आले, ते भारतातूनच कुठल्याशा टूरवाल्याचं पॅकेज घेऊन. स्पीडबोट, पॅराग्लायडिंगसारखंच काहीतरी समुद्रावरचं, आणि डॉल्फिन. डॉल्फिनचं आधी सांगते: पश्चिमेला तामारँच्या खाडीत ते पहाटे विश्रांतीला येतात आणि त्यांच्याभोवती बोटींचा गराडा पडतो. लोक त्यांच्या अंगावर उड्या टाकतात. नका जाऊ. नियम आहेत, पण मी पाहिलं तेव्हा पाळणारे कमी होते.

त्या पॅकेजमधून मी एक दिवस भांडून मागून घेतला आणि दोघांना इल ओ एग्रेतला नेलं. आग्नेयेला माहेबूरजवळ, किनाऱ्यापासून बोटीने काही मिनिटांवरचं छोटंसं बेट. फार तर सत्तावीस हेक्टर. मुख्य बेट ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचं, हे मात्र प्रवाळाच्या चुनखडीचं. मॉरिशसवर माणूस येण्याआधी किनाऱ्याजवळ जसं जंगल होतं, तसं एवढ्याशा जागेत पुन्हा उभं केलंय. एबनीची झाडं मनगटाएवढ्या खोडाची दिसतात, पण वयाने आपल्या आजोबांपेक्षा मोठी असतात, इतकी सावकाश वाढतात. महाकाय कासवं मोकळी फिरतात. ती मूळची इथली नव्हेत, सेशेल्सच्या अल्दाब्राची. मॉरिशसची स्वतःची कासवं खलाशांनी खाऊन संपवली. फळं खाऊन बिया पसरवायचं जे काम ती करायची, ते आता या पाहुण्यांकडे दिलंय.

आणि तिथे फांदीवर, हाताच्या अंतरावर, गुलाबी कबूतर बसलं होतं. गाइड बिचारी मन लावून सांगत होती. भाऊजी म्हणाले, "एवढे पैसे देऊन कबूतर? दादरला फुकट दिसतात."

तेव्हा जाऊबाईंसमोर गप्प बसले. आता सांगते. डोडो, तो न उडणारा पक्षीही, कबुतराच्याच कुळातला. डच लोक 1598 मध्ये उतरले आणि शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. नुसता खाऊन नव्हे. जहाजांबरोबर आलेले उंदीर, डुकरं, माकडं जमिनीवरची अंडी फस्त करत गेली. गुलाबी कबुतराचंही तेच होणार होतं, 1990 च्या आसपास रानात जेमतेम दहा उरली होती. मॉरिशसचा खरूची, म्हणजे तिथला छोटा ससाण्यासारखा शिकारी पक्षी, 1974 मध्ये रानात फक्त चार. चार! मलेरियासाठी फवारलेल्या डीडीटी या कीटकनाशकानेही त्याचा घात केला होता. कार्ल जोन्स नावाच्या वेल्श माणसाने कड्यांवरच्या घरट्यांतली पहिली अंडी उचलून उबवायला नेली, मग मादी पुन्हा अंडी घालायची. अशा रीतीने संख्या शेकड्यांत गेली. कबूतरंही आज काही शे आहेत. हे दादरला फुकट दिसत नाही, भाऊजी.

त्या बेटाच्या जवळच 2020 च्या जुलैमध्ये वाकाशियो नावाचं जहाज प्रवाळावर चढलं आणि सुमारे हजार टन तेल समुद्रात आलं. लोकांनी सरकारची वाट न बघता उसाचा पाला कापडात भरून लांबच लांब वळकट्या शिवल्या आणि पाण्यावर सोडल्या. तेल अडवायला केससुद्धा कापून दिले. बेटावरचे काही पक्षी आणि रोपवाटिकेतली रोपं तातडीने हलवावी लागली.

सिंह-जिराफ दाखवणारे पार्कही आहेत, मुलं बरोबर असतील तर जा. पण मॉरिशसचे जमिनीवरचे मूळचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं. हरणं डचांनी जावाहून आणली, माकडंही बाहेरचीच. वटवाघळं लिची आणि आंबे खातात म्हणून 2015 पासून सरकारने हजारोंनी मारली. आमच्या गल्लीत ज्यांच्या परसात लिचीचं झाड होतं ते एका बाजूला आणि बाकीचे दुसऱ्या बाजूला, असा वाद रोज चाले.

आता माणसं. हा भाऊजींशी दुसरा वाद, आणि खरा. शेजारी एक मराठी आजी राहायच्या. घरात क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली, बोलायच्या, नातवंडांशी फ्रेंचही. गणपतीला आम्हाला बोलावलं. भाऊजींनी विचारलं, "मूळ गाव कुठलं?" त्या म्हणाल्या, "कासकावेल." पश्चिमेकडचं गाव आहे ते, बऱ्याच मराठी वस्तीचं. भाऊजी म्हणाले, "ते नव्हे हो, आपल्याकडचं." रत्नागिरी एवढंच त्यांना ठाऊक होतं. परत येताना गाडीत भाऊजी म्हणाले, "कसले मराठी, धड बोलता येत नाही."

त्याच आजींच्या घरी सगळ्या आरत्या तोंडपाठ म्हटल्या गेल्या होत्या. नातवंडांच्या हातात रोमन लिपीतले कागद होते, पण आवाज खणखणीत. 'दुर्गे दुर्घट भारी'च्या दुसऱ्या कडव्यापासून भाऊजी नुसत्या टाळ्या वाजवत होते. पुण्यात त्यांच्या घरी आरती मोबाइलवर लावतात. 1834 पासून साडेचार लाखांच्या आसपास मजूर करारावर मॉरिशसला उतरले. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून, थोडे मुंबई बंदरातून. त्या थोड्यांच्या पणतवंडांनी एवढं टिकवलं. गणेश चतुर्थीची तिथे देशभर सुट्टी असते, शाळेत मराठी शिकता येते. आणखी काय करायला हवं होतं त्यांनी?

राजधानी पोर्ट लुईला आप्रवासी घाट, म्हणजे हे मजूर जिथे उतरले तो धक्का, जरूर बघा. ज्या सोळा पायऱ्या चढून ते लोक वर आले, त्या अजून आहेत. मोका गावी महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदी आहेत, कित्येकांचे फोटोसुद्धा. मात्र 'छोटा भारत' असं तिथे कोणाला म्हणू नका. मादागास्कर-मोझांबिकहून आणलेल्या गुलामांचे वंशज, चिनी, फ्रेंच मळेवाल्यांचे वंशज, सगळे तिथलेच आहेत. पळालेले गुलाम ज्या ल मोर्नच्या डोंगरात लपायचे, तो नैर्ऋत्येला आहे. खालून बघितला तरी पुरे, आईवडिलांना वर चढवू नका.

जुलैचं म्हणाल तर तिथे तेव्हा हिवाळा. क्यूरपिपच्या पठारावर झिमझिम आणि गारठा असतो, स्वेटर न्या. पूर्व किनाऱ्यावर वारा फार, म्हणून मुक्काम पश्चिमेला किंवा उत्तरेला करा. सहाच्या आत सूर्य मावळतो. ब्लॅक रिव्हर गोर्जेस या राष्ट्रीय उद्यानातल्या कड्यापर्यंत गाडी जाते, गुडघे दुखत असले तरी दरी दिसते. दक्षिणेला ग्रिग्रीला प्रवाळाची भिंत तुटलेली आहे, लाटा थेट कड्यावर आदळतात. तिथे पाण्यात उतरायचं नाही. इल ओ एग्रेतची वाट सपाट आहे, पण वारा असेल तर बोट हलते, आईंना त्रास होत असेल तर विचार करा.

समुद्र वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. सुंदर आहे, दोन सकाळी ठेवा त्याच्यासाठी. रॉद्रिग्जला, म्हणजे मॉरिशसच्याच दूरच्या बेटावर, जायचं डोक्यात असेल तर सहा दिवसांत ते काढून टाका. खर्चाचं मी काही लिहिलं नाही, कारण माझे आकडे जुने झालेत.

आईवडील शाकाहारी असतील तर रस्त्यावरच्या गाडीवरची दालपुरी खाऊ घाला, हॉटेलातली नको. जोडीनेच देतात. मिरचीची चटणी आधी थोडीशीच मागा.