हिमोफिलिया असलेल्या वडिलांच्या पायाची बायपास करताना हेपॅरिन देणे धोक्याचे आहे का?

आपल्या वडिलांना सौम्य हिमोफिलिया 'ए' आहे आणि बायपासमध्ये हेपॅरिन (रक्ताची गुठळी होऊ न देणारे औषध) दिले तर रक्तस्राव आवरणार नाही, असे आपल्याला सांगण्यात आले आहे. रक्तविकारतज्ज्ञ म्हणून मला हे मुळीच मान्य नाही. शस्त्रक्रियेआधी फॅक्टर ८ ची (रक्त गोठण्यासाठी लागणारे, या आजारात कमी असलेले प्रथिन) पातळी ८० ते १०० टक्क्यांवर नेली की तेवढ्या काळापुरते रुग्णाचे रक्त इतरांसारखेच गोठते, आणि धमनीला क्लॅम्प (रक्तप्रवाह थांबवणारा चिमटा) लावल्यावर गुठळी होण्याचा धोकाही इतरांइतकाच असतो.

याच मुद्द्यावरून एका वरिष्ठ सर्जनशी माझा वाद झाला होता. रुग्णाची पातळी शंभरच्या जवळ असल्याचा अहवाल समोर असूनही, 'याचे रक्त मुळातच पातळ, हेपॅरिन कशाला?' असे म्हणून त्यांनी ते देण्याचे नाकारले. टाके पूर्ण करून क्लॅम्प काढला, तर ग्राफ्टला (बायपाससाठी जोडलेल्या शिरेला) ठोकाच लागेना. शेवटी ग्राफ्ट उघडून बोटभर लांबीची गडद गुठळी काढावी लागली, हेपॅरिन द्यावे लागले, आणि तरीही टाक्यांच्या रेषेतून जास्तीचे रक्त आले नाही. ग्राफ्टसाठी घेतलेली शीरच खराब होती, असे ते आजही सांगतात. पण गुठळी काढल्यावर त्याच शिरेतून रक्त व्यवस्थित वाहू लागले, हे तिथे उपस्थित असलेल्या सर्वांनी पाहिले आहे. हेपॅरिनचा परिणाम प्रोटामिन या औषधाने उतरवता येतो. बंद पडलेला ग्राफ्ट मात्र पाय घेऊन जाऊ शकतो.

म्हणून आपण सर्जनना एवढेच विचारावे, की क्लॅम्प लावताना पातळी किती असेल आणि तिचा अहवाल किती वेळात हाती येईल. फॅक्टर ८ चा प्रभाव साधारण ८ ते १२ तासांत निम्म्यावर येतो, त्यामुळे जखम कोरडी दिसते म्हणून तिसऱ्या दिवशी डोस बंद करणे चुकीचे आहे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ते कमी करत दहा ते चौदा दिवस चालू ठेवावे लागतात. जिथे फॅक्टरची पातळी मोजण्याची सोय नाही, तिथे ही शस्त्रक्रिया होऊच नये.

अर्थात, इनहिबिटर (फॅक्टर ८ ला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे) असलेल्या रुग्णांना यातले बरेचसे लागू होत नाही, त्यामुळे ती तपासणी आधी करून घ्यावी. एमिसिझुमॅब (फॅक्टर ८ चे काम करणारे इंजेक्शन) चालू असेल तर एपीटीटी या रक्त गोठण्याची वेळ मोजणाऱ्या चाचणीचा अहवाल फसवा येतो आणि हेपॅरिनचे मोजमाप वेगळ्या चाचणीने करावे लागते. पुढे अ‍ॅस्पिरिन चालू ठेवता येईल का, हे फॅक्टर थांबवल्यानंतर वडिलांची स्वतःची पातळी किती उरते यावर ठरेल, आणि तो आकडा आपण प्रश्नात दिलेला नाही.