दोन्ही पर्याय वाईटच असतील तर निवडायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की आई गावी एकटी असते, आता विसरायला लागलीय, परवा गॅस चालू ठेवून झोपली, नोकरी सोडून तिच्याजवळ जावं तर फ्लॅटचे हप्ते थकतात आणि तिला पुण्याला आणलं तर चौथ्या मजल्यावर दिवसभर दाराकडे बघत बसते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आधीच सांगतो, आईचं उत्तर माझ्याकडे नाहीय. मी गोव्यातला, डिचोली तालुक्यातला, माझी अडचण एका ट्रकची होती आणि लोखंडाच्या गाडीची आईशी तुलना करतोय म्हणून रागावू नका. पण दोन वाईटांच्या मधे सहा महिने लटकून राहायचा अनुभव माझ्याकडे पक्का आहे, तेवढाच लिहितो.

आमच्या भागात एके काळी स्थळ बघायला आले की मुलाचं शिक्षण नंतर, ट्रक किती ते आधी विचारायचे. लोखंडाच्या खाणींचा माल चीनला जात होता, खाणीवरून जेटीपर्यंत दिवसभर ट्रिपा, ज्याच्या घरी नांगर होता त्याने नांगर ठेवून लोन काढलं आणि ट्रक घेतला. मग २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने खाणी बंद केल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानेही बंदी घातली. तेव्हा आमचा जुना ट्रक बाबांनी भंगाराच्या भावात काढला होता. २०१४ ला कोर्टाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून परत परवानगी दिली, २०१५ ला हळूहळू काम सुरू झालं, आणि मी शहाण्याने, एकदा हात पोळलेला असूनसुद्धा, २०१६ च्या जुलैत १३ लाखांचा सेकंडहँड टिप्पर घेतला, त्यात १० लाख कर्ज. हप्ता २२ हजार ७५०. बायको तेव्हाच म्हणाली होती, पण जाऊ दे ते.

७ फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, ८८ लीजांचं, म्हणजे खाणपट्ट्यांचं, नूतनीकरण रद्द, १५ मार्चपर्यंत काय काढायचं ते काढा आणि १६ पासून बंद. मार्चात पणजीत मोर्चा झाला, रस्ते अडवले, मी पण गेलो होतो, ऊन खाऊन घरी आलो.

तेव्हा माझ्या डोक्यावर साधारण ७ लाख ३५ हजार शिल्लक होते. बेळगावकडचा एक माणूस ट्रक बघून गेला, साडेचार लाख म्हणाला. म्हणजे विकला तर गाडीही गेली आणि पावणेतीन लाखांवर कर्ज अंगावर, नसलेल्या गाडीचे हप्ते भरायचे. नाही विकला तर हप्ता चालू, इन्शुरन्स चालू, टॅक्स चालू, गाडी मात्र उभी. मी काय केलं तर दोन्ही केलं नाही. मी वाट बघितली. कोणीतरी म्हणायचं दिल्लीत मीटिंग आहे, कोणी म्हणायचं कायदा बदलणार, कोणी म्हणायचं पावसानंतर नक्की, आणि रोज सकाळी पेपर आला की मी पहिलं पान वाचून ठरवायचो की आज ठरवायचं नाही.

पावसाळ्यात उभा ट्रक काय होतो ते बघितलंय का कधी? मी ताडपत्री घातली होती, दर रविवारी स्टार्ट करायचो, तरी जुलैत बॅटरी गेली. ऑगस्टात हौद्याच्या कोपऱ्यातून गंजाचं लाल पाणी गळायला लागलं, टायरना बाजूने चिरा, आणि घराच्या मागून आलेला एक वेल आरशाला गुंडाळून केबिनच्या खिडकीतून आत शिरला. एका सकाळी मुलगी केबिनमधून तीन अंडी घेऊन आली, आमच्या कोंबडीने डायवर सीटवर घातलेली. घरात सगळे हसले. मला त्या रात्री झोप लागली नाही.

मग बाबा म्हणाले देवळात प्रसाद घेऊया. आमच्याकडे देवाच्या मूर्तीला फुलांच्या पाकळ्या लावतात, उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. मी भटजींना म्हटलं, खाणी परत कधी सुरू होणार ते विचारा. ते म्हणाले, असं देवाला विचारत नाहीत, तुझ्या हातात काय आहे ते बोल, हो किंवा नाही येईल असं. मला दोन मिनिटं काही सुचेना. सहा महिने मी एकच प्रश्न घेऊन फिरत होतो आणि तो माझ्या हातातला नव्हताच. शेवटी बाबांनीच गाऱ्हाणं घातलं, ट्रक विकू का म्हणून. पाकळ्या लावल्या, तासभर बसलो, एकही पाकळी हलली नाही. भटजींना दुसरीकडे पूजेला जायचं होतं, म्हणाले उद्या या. आम्ही काही परत गेलो नाही.

त्या रात्री मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर मी आणि बायकोने मधे रेघ मारून लिहायला घेतलं. विकला तर या बाजूला आकडे आले, लाज वाटेल हेसुद्धा लिहिलं, कारण ते पण नुकसानच. ठेवला तर या बाजूला एकही ओळ धड पुरी होईना, प्रत्येक ओळीत "जर खाणी सुरू झाल्या". बायकोने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, हे बघ, इकडचं भोक केवढं आहे ते दिसतंय तरी.

ऑक्टोबरात विकला. तोपर्यंत भाव ३ लाख ८० हजारावर आलेला. म्हणजे वाट बघण्याची किंमत बघा, भावात ७० हजार गेले, इन्शुरन्सचे ४० हजार, व्याजाचे साधारण ४५ हजार, बॅटरी वेगळी. दीड लाखाच्या वर, कशासाठी, तर पेपर वाचण्यासाठी.

अजून एक, कोणाला उपयोगी पडेल म्हणून. आरसी बुकवर कर्ज देणाऱ्याचं नाव असतं, त्यांची एनओसी मिळाल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही, म्हणून मला वाटायचं कर्ज पूर्ण फेडल्याशिवाय विकताच येणार नाही आणि या भीतीने मी कर्ज देणाऱ्यांच्या ऑफिसात गेलोच नव्हतो. गेल्यावर कळलं की मार्ग निघतो. घेणाऱ्याने पैसे सरळ कर्जखात्यात भरले, उरलेल्या २ लाख ६४ हजारांसाठी बायकोच्या बांगड्या तारण, तीन वर्षांचा हप्ता, ९ हजारांच्या आत. मी कारखान्याच्या बसवर डायवर लागलो. स्वतःच्या गाडीचा मालक दुसऱ्याच्या बसवर, पहिला महिना ओळखीचा कोणी चढला की मी आरशात बघायचो नाही. २०२१ च्या शेवटी बांगड्या परत आल्या.

माझ्या चुलतभावाने ट्रक ठेवला. आधीच काढून ठेवलेला, ई-लिलावात विकलेला माल होता तेव्हा थोड्या ट्रिपा मिळाल्या, नंतर चिऱ्यांची भाडी मारली, २०२४ ला डिचोलीचा खाणीचा ब्लॉक सुरू झाला तेव्हा तो अजून उभा होता. तो चुकला असं मी म्हणणार नाही. त्याच्यावर कर्ज कमी होतं आणि मुलं मोठी होती. चतुर्थीला आम्ही एकाच माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर बांधतात त्या फळापानांच्या मांडवाखाली, बसतो, तो माझी बस बघून हसतो, मी त्याचे टायर बघून हसतो.

लोक सांगतील पॉझिटिव्ह राहा, जे होतं ते चांगल्यासाठी होतं. माझ्या बाबतीत चांगल्यासाठी काही झालं नाही हो, साडेपाच-सहा लाख गेले. फक्त गेले ते गेले म्हटल्यावर रात्री झोप यायला लागली, एवढंच झालं.

आता तुमचं. तिसरा मार्ग शोधू नका असं मी म्हणत नाही, बिनपगारी रजा, घरून काम, गावात दिवसभर राहणारी कोणी बाई, सगळं विचारून बघा, पण त्याला तारीख ठेवा, समजा महिन्याची शेवटची. मी तारीख ठेवली नव्हती, तिथेच मार खाल्ला. आणि कागदावर लिहाल तेव्हा एक जास्तीची ओळ लिहा, यातलं काय परत मिळू शकतं आणि काय नाही. माझ्या वेळी सगळा पैशाचा मामला होता म्हणून ती ओळ लागली नाही, तुम्हाला लागेल. बहीण-भाऊ असतील तर त्यांना त्याच टेबलावर बसवा, नंतर फोनवर "तू असं का केलंस" म्हणणारे सगळे आधी हजर पाहिजेत.

आईला औषधाच्या वेळा अजून आठवतात का, आणि रात्री उठून बाहेर जाते का? हे दोन तुम्ही लिहिलं नाहीत आणि तिला किती दिवस एकटं ठेवता येईल ते बरंचसं त्यावर आहे. डॉक्टरनाही हेच सांगा, आणि इथे खाली लिहा. माझी दुपारची शिफ्ट आहे, रात्री दहानंतर वाचेन.