सत्तरी ओलांडलेल्या रॉक गायकाला ऐकायला लातूरहून मुंबई गाठावी का?

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून इतरांसाठी आधी थोडक्यात सांगतो. वडील अठ्ठावन्न वर्षांचे, कॉलेजपासून जुनं इंग्रजी रॉक ऐकत आलेले. त्यांच्या आवडीचा एक बँड मुंबईत येतोय, गायकानं सत्तरी ओलांडलीय. मित्रांनी यूट्यूब बघून निकाल दिलाय की आवाज संपला, पैसे पाण्यात जातील. लातूरहून दोघांचं तिकीट, प्रवास, मुक्काम एवढा खर्च करावा का?

करा. फक्त कॅसेटवरचा आवाज ऐकायला म्हणून जाऊ नका, तो तिथं नसतो.

मी परभणीचा, सत्तेचाळिशीतला. असले कार्यक्रम आमच्या भागात होत नाहीत, त्यामुळे आजवर मोजून चार पाहिले. दोन जन्माला पुरतील, एक ठीक होता, एक साफ फसला. पण सगळ्यांत जास्त हळहळ न पाहिलेल्या पाचव्याची आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

७ एप्रिल २००३. रोलिंग स्टोन्स हा इंग्लंडचा जुना रॉक बँड मुंबईत, ब्रेबॉर्न स्टेडियमवर. नेमका सोमवार. मी जालन्यात नोकरीला लागून सहा महिने झाले होते आणि मार्चअखेरचे हिशेब लांबलेले, सुट्टी मागायला तोंड नव्हतं. मग मनाची समजूत काढली ती अशी: त्यांचा गायक जॅगर साठीला टेकलाय, आता काय उरलं असणार त्याच्यात? कोल्ह्याला द्राक्षं आंबट. त्या जॅगरनं २०२३ मध्ये बँडचा नवा अल्बम काढला आणि २०२४ मध्ये ऐंशीव्या वर्षी अमेरिकेचा दौरा केला. पण ढोलावरचे चार्ली वॉट्स २०२१ च्या ऑगस्टमध्ये गेले. मला त्या बँडमध्ये सगळ्यांत जास्त आवडायचे ते तेच. एका सोमवारच्या रजेपायी राहिलं.

तुमचे मित्र आवाजाचं म्हणतात ते खोटं नाही. वय झालं की स्वरतंतूंमधला स्नायू बारीक होतो, वरचं अस्तर कोरडं पडतं, वरचे सूर आधी सोडून जातात. खालचे बरीच वर्षं साथ देतात. त्यावर गाणाऱ्यांचा इलाज एकच, पट्टी खाली घ्यायची. रॉकवाले गिटारच्या साऱ्याच तारा अर्धा सूर किंवा एक सूर उतरवून लावतात. बोटं जुन्याच जागी पडतात, गाणं मात्र खालून निघतं.

हे मला नेटवर नाही, मामांकडे कळलं. मामा गंगाखेडजवळच्या खेड्यातले, भजनी मंडळात पेटीवर असतात. इंग्रजीचा गंध नाही. एकदा त्यांच्या ओट्यावर बसून मी मोबाइलवर एकाच गायकाचं एकच गाणं ऐकत होतो, आधी जुन्या रेकॉर्डवरचं, मग हल्लीच्या कार्यक्रमातलं. दुसरं सुरू झालं तसे मामा उठले, पेटी पुढ्यात ओढली, दोन-तीन सूर दाबून पाहिले. (काळी दोन, पांढरी दोन ही पेटीवरच्या पट्ट्यांची नावं.)

"आरं, ह्यो आता एक पट्टी खाली गातोय. मगाशी काळी दोन व्हती, ही पांढरी दोन."

मी म्हणालो, "मामा, वय झालंय त्याचं."

"मग मपलं न्हाई झालं? म्या बी पयलं काळी चारातच गायचो. आता पांढरी चारावर आलोय. लोक काय उठून गेले का?"

आमच्या पिढीला तर उतरलेल्या पट्टीची तक्रार करायचा हक्कच नाही. मी १९९६ साली तेव्हाच्या औरंगाबादला इंजिनिअरिंगला होतो. होस्टेलवर एकाकडे मूळ कॅसेट, बाकी सगळ्यांकडे तिची नक्कल, नकलेची नक्कल. माझ्या टेपरेकॉर्डरचा आतला रबरी पट्टा सैल पडलेला, त्यामुळे टेप हळू फिरायची आणि सूर आपोआप उतरायचा. डीप पर्पल काय, पिंक फ्लॉइड काय, मी दोन वर्षं सगळेच खालच्या पट्टीत ऐकले. पुढं सीडीवर खरं गाणं ऐकलं तेव्हा वाटलं, हे लोक एवढ्या घाईत कामून आहेत? तुमच्या वडिलांना विचारा, त्यांच्याकडेही असलाच एखादा टेप असणार.

आता पाहिलेल्यांबद्दल. पहिला रॉजर वॉटर्स, पिंक फ्लॉइडमधला जुना गायक-गीतकार, १८ फेब्रुवारी २००७, बांद्रा-कुर्ला संकुलातलं एमएमआरडीए मैदान. या वेळी रविवार होता. मी देवगिरी एक्सप्रेसनं गेलो, तिकीट कन्फर्म नव्हतं, मनमाडपर्यंत दाराजवळ वर्तमानपत्र टाकून बसलो होतो. वॉटर्स तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे. उत्तरार्धात त्यांनी पिंक फ्लॉइडचा १९७३ चा अल्बम 'द डार्क साइड ऑफ द मून' पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. तो अल्बम हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो आणि त्याच ठोक्यांवर संपतो. खोलीत ऐकताना तो नुसता आवाज असतो. मैदानावर एवढ्या मोठ्या स्पीकरमधून आला तेव्हा ठोका कानाला नाही, बरगड्यांना लागला. यात्रेत ढोलपथकाच्या अगदी जवळ उभं राहिलं की पोटात जसं हलतं, तसं. शेजारी एक पन्नाशीचे गृहस्थ एकटेच आले होते, पूर्ण पाऊण तास डोळे मिटून उभे. मध्येच मला म्हणाले, पाणी आहे का. तेवढंच बोललो आम्ही.

आणि त्या रात्री आवाजाचं काय? मूळ रेकॉर्डवर बँडमधल्या डेव्हिड गिल्मोरनं गायलेल्या ओळी मुंबईत दुसऱ्यांनी गायल्या, कारण गिल्मोर त्या दौऱ्यात नव्हताच. वॉटर्सचा गळा काही गवयाचा नाही, तरुणपणीही नव्हता. पण ती गाणी त्याच्या डोक्यातून निघालेली आहेत आणि तो माणूस वीस-पंचवीस हातांवर... खरं तर शंभर हातांवर असेल, मी मागं होतो... तिथं उभा आहे, हे पुरेसं झालं.

त्यावरून एक सांगतो, थोडं विषयांतर वाटेल. आमच्या गावच्या एकादशीच्या भजनात एक म्हातारे बुवा असत. चाल धरायचे, ओळ अर्ध्यावर आणून सोडायचे, आणि मागचे टाळकरी धृपद उचलायचे. तेवढ्यात बुवांचा दम परत यायचा, की पुढची ओळ. बुवा गात नाहीत, लोकच गातात, असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. शास्त्रीय बैठकीतही म्हाताऱ्या गवयामागं तंबोऱ्यावर बसलेले शिष्य वरची जागा घेऊन देतात. रॉकचा म्हातारा गायक माइक लोकांकडे वळवतो तेव्हा मात्र कामचुकारपणाची ओरड होते. मला त्यात बुवाच दिसतात. तुमचे वडील त्या वेळी टाळकरी असणार आहेत, एवढं लक्षात घेऊन तिकिटाची किंमत ठरवा.

बसून गाण्याचंही तसंच. आपल्याकडे गवई बसूनच गातो, त्यात कमीपणा नाही. रॉकनं मात्र उभं राहायचं, धावायचं, उड्या मारायच्या असा पायंडा पाडला आणि स्वतःचीच पंचाईत करून घेतली. ब्लॅक सॅबथ या बँडचा गायक ऑझी ऑस्बॉर्न, त्यानं ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅममध्ये शेवटचा कार्यक्रम केला तो सिंहासनावर बसून, पार्किन्सन्समुळं उभं राहणं जमत नव्हतं. २२ जुलैला तो गेला. त्या बसलेल्या माणसाला बघायला आलेल्यांपैकी कुणी पैसे परत मागितले असतील असं वाटत नाही.

२०१९ च्या डिसेंबरात नवी मुंबईला यू-टू हा आयरिश बँड पाहिला. त्यांनी आपला १९८७ चा अल्बम 'द जोशुआ ट्री' क्रमानं वाजवला, ए. आर. रहमान येऊन गेले, मागचा पडदा अवाढव्य. मी पडदाच बघत राहिलो. ठीक.

स्टिंग मात्र मनात बसला. २८ जानेवारी २०२४, महालक्ष्मी रेसकोर्स, लोलापलूझा महोत्सवाचा दुसरा दिवस. बहात्तर वर्षांचा माणूस, गळ्यात बेस, म्हणजे खर्जाच्या सुरांची गिटार, स्वतः वाजवतोय आणि स्वतःच गातोय. बेसवर बोटं एका चालीत आणि गळा दुसऱ्या चालीत, हे तरुणालाही अवघड आहे. जिथं पूर्वी वर जायचा तिथं ओळ वेगळीकडून वळवून आणत होता, पण वळवतोय हे कळू देत नव्हता. भोवती सगळी विशी-पंचविशीतली पोरं. हाच माणूस द पोलीस या आपल्या जुन्या बँडबरोबर १९८० साली मुंबईत रंगभवनला वाजवून गेला होता. मी तेव्हा पाळण्यातून नुकताच उतरलो होतो.

फसलेला कार्यक्रम पुण्यातला. बँडचं नाव सांगत नाही. पोस्टरवर जुनाच लोगो, जुनाच फोटो. स्टेजवर मूळ मंडळींपैकी एकच. तिसऱ्या गाण्यात गायकानं पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि गाणं सुरूच राहिलं! मागून टेप वाजत होती. उतरलेला आवाज मी हसत ऐकला असता, पण हे नाही. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणत रात्रीच्या बसनं परत आलो.

म्हणून तिकिटाआधी एक काम करा. मूळचे किती जण उरलेत आणि कोण काय वाजवतं ते बघा. सगळेच हवेत असं नाही. डीप पर्पलचं उदाहरण घ्या. १९६८ पासून आजवर प्रत्येक संचात असलेला एकटा ड्रमवाला इयन पेस. गायक इयन गिलन आणि बेसवरचा रॉजर ग्लोव्हर १९६९ ला आले, कीबोर्डवाले जॉन लॉर्ड २०१२ ला वारले, गिटारवर आता त्यांच्यापेक्षा बराच तरुण माणूस आहे. तरी तो बँड खोटा नाही, गाण्याचा कणा जुन्याच हातात आहे. आणि गिलननं एक शहाणपणा केला. १९७० च्या 'चाइल्ड इन टाइम' मधल्या त्या किंचाळ्या गळ्याला झेपेनात, तेव्हा गाणंच गायचं सोडून दिलं. पट्टी उतरवूनही जे निभणार नाही ते यादीतून काढणारा गायक मला विश्वासाचा वाटतो. तुमच्या बँडची याच दौऱ्यातली गाण्यांची यादी शोधा. वडिलांच्या दोन-तीन लाडक्या गाण्यांपैकी एक तरी त्यात असलं की झालं.

यूट्यूबवर मात्र फार विसंबू नका. मोबाइलच्या माइकला एवढा मोठा आवाज झेपत नाही, तो फाटतो, खर्ज नाहीसा होतो आणि गायक चिरका वाटतो. त्यातून चांगला गळाही वाईट ऐकू येतो. मित्रांना एवढं सांगा, बाकी वाद घालू नका.

आता सोयीचं. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, असा कायदा आहे, त्यामुळे हे कार्यक्रम आपल्या ऑर्केस्ट्रासारखे मध्यरात्रीपर्यंत रेंगाळत नाहीत. वेळेवर सुरू होतात, वेळेवर संपतात, उशिरा पोचलात तर गाणी गेली. सगळ्यांत पुढचं उभ्याचं तिकीट घेऊ नका. तिथं चार-पाच तास उभं राहावं लागतं, समोर सहा फुटी पोरं असतात, मागून रेटा असतो. बाजूचं बसायचं तिकीट मिळालं तर तेच घ्या, गायक बोटाएवढा दिसला तरी चालेल, गुडघे शाबूत राहतील. बाहेरचं पाणी आत सोडत नाहीत, गेल्या गेल्या आतलं विकत घेऊन ठेवा. कानात घालायला फोमचे बोळे औषधाच्या दुकानात मिळतात, वडिलांना लाज वाटली तर आधी तुम्ही घाला.

परतीचं आधीच ठरवा. कार्यक्रम सुटेपर्यंत रात्रीची लातूर एक्सप्रेस सीएसएमटीहून निघून गेलेली असते, आणि मैदानातून बाहेर पडायलाच तास जातो. एक रात्र मुंबईत काढावीच लागेल. दादर-कुर्ल्याच्या बाजूला कुणी पाव्हणे असतील तर त्यांना आजच फोन करा.