टूर कंपनीशिवाय, कमी खर्चात आर्मेनिया पाहता येईल का?

टूर कंपनी न घेता, बेताच्या खर्चात आणि शाकाहारी राहून आर्मेनिया फिरता येईल का, असे आपण विचारले आहे. येईल; मात्र राजधानी येरेवानमध्येच मुक्काम ठोकून रोज एकेक ख्रिस्ती मठ पाहून परतण्याचा बेत करू नये, असे मी स्वानुभवावरून सांगेन. तिथे राहणे-खाणे खिशाला फारसे जड जात नाही आणि बहुतेक मठांना प्रवेशशुल्कही नसते. पैसे जातात ते बस जिथे सोडते तिथून मठापर्यंतच्या अंतरात, कारण मठ दरीच्या काठावर किंवा डोंगराच्या आडोशाला बांधलेले आहेत. गार्नीचे प्राचीन मंदिर, जे १६७९ च्या भूकंपात कोसळले आणि विसाव्या शतकात पुन्हा उभारले गेले, तिथवर येरेवानहून साधी बस जाते. पण त्यापुढचा, काही भाग अखंड कातळात कोरलेला गेगार्डचा मठ पाहायला टॅक्सी तरी करावी लागते किंवा पायपीट तरी.

गावोगावी जाणाऱ्या मिनीबसला तिथे मार्शरुत्का म्हणतात. आपल्याकडच्या वडापसारखी ती बरेचदा भरल्यावरच सुटते, आणि लांबच्या गावांना दिवसातून मोजक्याच फेऱ्या असल्याने सकाळी लवकर स्थानक गाठणे बरे. पाट्या आर्मेनियन लिपीत असतात, तेव्हा गावाचे नाव त्या लिपीत मोबाइलमध्ये जवळ ठेवावे. ग्रामीण भागात इंग्रजीपेक्षा मोडकीतोडकी रशियन अधिक कामाला येते.

वेळ थोडा असेल तर मी उत्तरेकडील देबेद नदीचे खोरे निवडेन. आलावेर्दी हे तांब्याच्या कारखान्यावर वाढलेले, आता काहीसे उदास दिसणारे गाव. परंतु त्याच्या वरच्या पठारांवर सानाहिन आणि हाघपात हे दहाव्या शतकात स्थापन झालेले, जागतिक वारसा यादीतील मठ आहेत, आणि जवळच्या घरगुती गेस्ट हाउसमध्ये राहिल्यास एका मठाकडून दुसऱ्याकडे पायवाटेने चालत जाता येते. दक्षिणेला तातेवचा मठ आहे. तिथे २०१० साली सुरू झालेला ५.७ किलोमीटर लांबीचा रोपवे एकाच बाजूने घ्यावा, रात्री गावातच राहावे आणि दुसऱ्या दिवशी दरीत चालत उतरावे. दिवसभराची गर्दी संध्याकाळी ओसरते, तेव्हाचा मठ वेगळाच भासतो.

खाण्याची चिंता नको. बारीक चिरलेल्या पालेभाज्या भरून भाजलेली झेंग्यालोव हाट्स ही रोटी पोटभरीची असते, ताकासारखे तान सर्वत्र मिळते, आणि उपवासाच्या काळातला पासुत्स तोल्मा म्हणजे कोबीच्या पानांत गुंडाळलेली कडधान्ये. नुसते तोल्मा मागितल्यास मात्र त्यात बहुधा खिमा असतो. येरेवानमध्ये पिण्याच्या पाण्याचे सार्वजनिक नळ जागोजागी आहेत. बाटल्या विकत घेण्याचे कारण नाही.

भारतीयांसाठी ई-व्हिसाची सोय आहे, तरी नियम अधिकृत संकेतस्थळावर पाहूनच तिकीट काढावे. तुर्कस्तान आणि अझरबैजान यांच्याशी असलेल्या सीमा बंद असल्याने जमिनीवरून ये-जा केवळ जॉर्जिया किंवा इराणमार्गे होते. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ उत्तम. हिवाळ्यात बर्फामुळे घाटरस्ते बंद पडतात. येरेवान सोडण्यापूर्वी पुरेसे द्राम, म्हणजे तिथले चलन, रोख जवळ ठेवावेत, कारण मार्शरुत्का आणि घरगुती मुक्काम यांचे पैसे बहुधा रोखच द्यावे लागतात.